खाटेवरची अकरा मिनिटं

नागपूरहून एक मुलगी आमच्या कोंढा गावात प्रयोग घेऊन आली. तिला स्वतःला सांध्यांचा जुना आजार होता, पण वरून काहीच दिसत नव्हतं. समाजमंदिरात आठ खाटा टाकायच्या, बघायला येणाऱ्याने एका खाटेवर आडवं व्हायचं, हेडफोन लावायचे आणि कुणा आजारी माणसाचा आवाज ऐकत अकरा मिनिटं पडून राहायचं. बस, एवढंच. दिवाळीनंतर गावोगाव जाऊन नाटकं बघणारं आमचं गाव. लोकांनी विचारलं, अंक किती, गाणी किती. एकही नाही म्हटल्यावर अर्धं गाव तिथेच गळालं. उरलेल्या बायांनी सांगितलं, सासऱ्या-भासऱ्यांसमोर आम्ही पडणार नाही. मग एक दुपार फक्त बायांची ठरली.

आठांपैकी एक आवाज माझा होता. मला सिकलसेल आहे. गार पाण्यात थोडा वेळ उभी राहिले की हाडं आतून ठणकायला लागतात, आणि धानाचा रोवणा, भाताची लावणी, म्हणजे दिवसभर गार चिखल. त्यामुळे लग्नानंतरच्या बारा पावसाळ्यांत बाकीच्या बाया वाकलेल्या असताना मी बांधावर बसून होते. त्यात मी अंगाने चांगली भरलेली, हा वेगळा गुन्हा. मोठी जाऊ मला तोंडावर कधी काही बोलली नाही. मी ऐकेन अशा बेताने ती भांड्यांना सांगायची, "खाते, पिते, हासते, अन् कामाच्या वक्ताले बरोबर दुखते."

रेकॉर्डिंग सगळ्यांसाठी होतं, पण मी ते एकाच माणसासाठी बोलले होते. पहिली दोन मिनिटं त्या मुलीचा आवाज होता, अंग सैल सोडा, डोळे मिटा वगैरे. तिथून पुढे मी. नवव्या मिनिटाला वाक्य होतं, "ताई, मी ढोंग नाही करत. एकदा तरी मायं खरं माना." समोर बसून हे म्हणायची हिंमत बारा वर्षांत झाली नव्हती. जावेच्या कानावर ते पडावं म्हणून मी तिला चार दिवस पटवलं. आवाज माझा आहे हे मात्र सांगितलं नाही.

आत आल्या आल्या तिने दोन खाटांवरच्या चादरी झटकून नीट केल्या. मग पदर खोचून विचारलं, "काय करा लागते वं?"

"पडा लागते, ताई."

"दिवसाढवळ्या? कोनी पाह्यलं तं?"

"दार लावलं हाय."

परक्याच्या घरी बसावं तशी ती खाटेच्या कडेला टेकली. मीच तिला आडवं केलं, हेडफोन लावले, मोबाईलवर बटण दाबलं आणि भिंतीशी जाऊन उभी राहिले. कोणत्या मिनिटाला कोणतं वाक्य येतं ते मला पाठ होतं.

दुसरं मिनिट संपायच्या आत ती घोरायला लागली.

मला संताप आला. हलवून उठवायलाच गेले होते. जवळ गेल्यावर तिचे पाय दिसले. टाचांच्या भेगांत माती इतकी मुरलेली होती की ती आता घासूनही निघाली नसती. रोवण्यात एका बाईच्या वाट्याला एक पात येते, म्हणजे रांगेतला एक पट्टा. आमच्या घरच्या दोन पाती असायच्या आणि त्या लावायला वाकणारी बाई एकच. मला हे माहीत नव्हतं असं नाही, बांधावरून सगळं दिसतं. पण रेकॉर्डिंगमध्ये इतका वेळ स्वतःबद्दल बोलताना त्यातलं एक अक्षरही मला आठवलं नव्हतं. मला लाज वाटली. राग गेला असंही नाही.

मुलगी हळूच म्हणाली, "उठवू का त्यांना? पहिल्यापासून परत लावते."

मी मानेनेच नको म्हटलं. आठ मिनिटं होऊन गेली होती. त्या वाक्याच्या जरा आधी माझा आवाज चढतो. मी खाली वाकून मोबाईल बंद केला.

दीड तासाने तिला जाग आली. ओशाळून तिने पदर सावरला, केस मागे घेतले.

"झोपच लागली वं मले. काय सांगून राहिली होती ते बाई?"

"काही नाही, ताई," मी म्हणाले. "निजा म्हने."