बोलता येईल इतका वेग

पहिल्याच सकाळी मी लोणखेड्याहून निघालो आणि दम संपेपर्यंत पळालो. परतही यायचं असतं, हे दम संपल्यावर आठवलं. उसाच्या ट्रॅक्टरवर बसून घरी आलो. ट्रॅक्टरवाल्यानं एवढंच विचारलं, "कोनी मांगे लागनं व्हतं का?"

बायको नातवाला सांभाळायला पुण्याला गेल्यापासून घर इतकं शांत झालं होतं, की कुकरची शिट्टी झाली तरी मी "आलो आलो" म्हणायचो. म्हणून हे पळणं. गुडघे दुखल्यावर मोबाइलवर एका प्रशिक्षकाचा व्हिडिओ पाहिला. नवशिक्यानं हळू पळावं, शेजारच्याशी सहज गप्पा मारता याव्यात, धाप लागली तर वेग जास्त, असं त्याचं म्हणणं.

सल्ला चांगला होता. शेजारी कोणी नव्हतं, एवढंच.

पळता पळता बायकोला फोन लावला. माझी धाप ऐकून ती घाबरली. "अहो, दवाखान्यात आहात का?" पळतोय म्हटल्यावर म्हणाली, "मग आधी पळून घ्या. बाळ उठेल." फोन बंद. तेव्हापासून मी केळीच्या बागांशी बोलत पळू लागलो. खिचडी करपली, नळ गळतोय, असलंच काहीबाही.

एका सकाळी म्हैस घेऊन शेताकडे निघालेल्या म्हातारीनं ते ऐकलं.

"कोनसंगे बोली ऱ्हायना, भाऊ?"

"कोनीसंगे नही, माय. पयतांना बोलनं पडस."

"डॉक्टरनी सांगं का?"

"नही, मोबाइलमा सांगं."

"मंग मन्हासंगे बोल."

मी खिचडीपासून सुरुवात केली. पाणी कमी घातलं असशील, असं तिनं ठरवूनच टाकलं. तिचा मुलगा सुरतेला असतो, तिच्या घरीही कुकर एकटीसाठीच लागतो. मी कोपरं दुमडून, गुडघे उचलून, शास्त्रशुद्ध पळत होतो आणि धाप अजिबात नव्हती. पुढच्या वळणावर तिचं शेत होतं. तिथं गप्पा संपणार, म्हणून मी वेग आणखी कमी केला. मग आणखी थोडा.

म्हातारी थांबली. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, मग लांब गेलेल्या म्हशीकडे.

"भाऊ, याले तू पयनं म्हनस? मन्ही म्हस गाभन शे, ती बी तुन्हा पुढे निंघी गई!"