एकही शब्द सापडला नाही

यशवंत निकम गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिन्नरला लेकीकडे होतो. आदल्याच आठवड्यात दवाखान्यात जाऊन त्याला बघून आलो होतो, चेहऱ्यावर तरतरी होती, म्हणून निर्धास्तपणे लेकीकडे गेलो... आणि सकाळी चहाचा कप हातात असताना ही बातमी. मिळेल त्या जीपने नाशिक गाठलं. सिडकोतल्या आमच्या चौकात उतरलो तर माझ्याआधी फ्लेक्स पोचला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली कुठल्याशा लग्नातला निकमचा फेटा बांधलेला फोटो, आणि तळाला 'शोकाकुल' म्हणून मंडळाच्या पंधरावीस पोरांचे गॉगल लावलेले फोटो. एक जण तर मोबाइलवर बोलता बोलता शोकाकुल झाला होता. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याच वेळी ओठांवर हसू येत होतं, कारण यावर निकम काय बोलला असता ते मला अगदी स्पष्ट ऐकू येत होतं. मित्राच्या मयताला आलेल्या माणसाला असं हसू यावं याची मला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. तिथे कोणालाच हसू आलं नसतं तर निकमला जास्त वाईट वाटलं असतं.

आम्ही दोघं सिडकोत एकदमच राहायला आलो. तो सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर, मी शाळेत चित्रकला शिकवायचो. घरं एवढी चिकटून की शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आपण मोजायच्या. निकम मूळचा सटाण्याकडचा. घरात आईशी अहिराणी बोलायचा, आमच्याशी साधी मराठी, आणि दोन्हीकडे बोलणं तिरकंच. भाजी खारट झाली की 'समुद्र नाशिकपर्यंत आला वाटतं' म्हणायचा आणि तीच भाजी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा. वहिनी मला म्हणायच्या, "भावजी, या माणसाने मला कधी चांगलं म्हटलं नाही आणि पानात कधी काही टाकलं नाही." या दोन गोष्टी एकत्र वाचायच्या असतात हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं.

चौकात मंडळाचा एक फळा होता, वर पांढऱ्या रंगात 'आजचा सुविचार' रंगवलेलं. माझं अक्षर बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. वेळ अमूल्य आहे, कष्टाला पर्याय नाही... महिन्याभरात माझ्याजवळचे सुविचार संपले. निकम रोज कामावर जाताना सायकल थांबवून वाचायचा. एकदा म्हणाला, "मास्तर, हे वाचून आजवर कोणी सुधारलंय का? उद्या मी सांगतो ते लिही." त्या वर्षी आमच्या रस्त्याची चाळण झाली होती. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या सांगण्यावरून लिहिलं: 'या रस्त्यावरील खड्डे सन्माननीय नगरसेवकांच्या अथक परिश्रमांतून साकारले आहेत. कृपया कोणी बुजवू नयेत.'

संध्याकाळी नगरसेवक स्वतः आले. हात मागे बांधून फळा वाचला, पुन्हा वाचला. चौकातली माणसं टपरीच्या आडोशाने बघत होती. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं आणि ते म्हणाले, "अक्षर मास्तरांचं असलं तरी जीभ निकमांची आहे." लगेच मुरूम येऊन पडला. मग ते पुन्हा आले, म्हणाले, "आता तरी पुसा." निकम म्हणाला, "पुसतो की साहेब. फक्त नळाला पाणी येऊ द्या, फडकं ओलं करायला घरात थेंब नाही." नगरसेवक मोठ्याने हसले आणि टपरीवर आमच्यासकट सगळ्यांना चहा पाजला. पाण्याचं मात्र त्यांनी काही केलं नाही, ते सोडा.

नव्वदचं ते सगळं दशक त्या फळ्याने गाजवलं. लोक त्याला 'आजचा कुविचार' म्हणू लागले. निकमचा एक नियम होता, कोणावर लिहायचं तर आधी स्वतःवर लिहायचं. त्याने जुनी स्कूटर घेतली तेव्हा मी लिहिलं होतं: 'निकमांच्या स्कूटरसाठी दोन होतकरू तरुण पाहिजेत. ढकलण्याचा अनुभव हवा. बसायला मिळणार नाही.' दुसरा नियम त्याने कधी बोलून दाखवला नाही, पण मला दिसायचा. ज्याच्यावर लिहिलं त्याच्या घरी तो त्याच आठवड्यात काही ना काही निमित्ताने जाऊन यायचा. "ज्याला टोचलं त्याच्याकडे उद्या विरजण मागायला जाता आलं पाहिजे," असं म्हणायचा. म्हणूनच त्याची सुई टोचायची, पण रक्त निघत नसे. माणसं चिडायची, चार दिवस तोंड फिरवायची आणि पाचव्या दिवशी स्वतःच तो किस्सा सांगत सुटायची.

पुढे फ्लेक्स आले. कापडी बॅनर रंगवायला दोन दिवस लागायचे, त्यामुळे माणूस लिहिण्याआधी जरा विचार तरी करायचा. आता सकाळी दिलं की संध्याकाळी तयार. आमच्या कॉलनीतली पोरं मोठी झाली होती. त्यांचा म्होरक्या सोनू, म्हणजे सोनूभाऊ. हा याच निकमच्या खांद्यावर बसून गणपतीची मिरवणूक बघत मोठा झालेला. पोरगा मनाने वाईट नव्हता, पण काम काही करायचा नाही आणि वाढदिवस मात्र जोरात करायचा. चौकात जिकडे बघावं तिकडे 'भावी नगरसेवक' आणि 'युवकांचे आशास्थान'. त्याच्या वाढदिवशी निकमने मला ओळ सांगितली आणि मी फळ्यावर लिहिली: 'सोनूभाऊंच्या कार्याचे वर्णन करायला शब्द अपुरे पडतात. आम्ही वर्षभर शोधले, एकही सापडला नाही.'

मला वाटलं, आता दगड येणार. त्या दिवशी मी शाळेतून घरी जाताना मुद्दाम लांबून वळसा घेतला. पण संध्याकाळी पोरांचा घोळका आला तो माझ्या खांद्यावर हात ठेवायला. "सर, काय भारी लिहिलंय... डायरेक्ट काळजाला!" दोन दिवसांत चौकात बारा फुटी फ्लेक्स लागला. मधोमध गॉगलातला सोनू, बाजूला वाघाचं चित्र, आणि खाली सोनेरी अक्षरांत निकमची ओळ, जशीच्या तशी. शिवाय मंडळापुढे खुर्च्या मांडून त्यांनी निकमला शाल आणि नारळ दिला. सोनू वाकून त्याच्या पाया पडला.

घरी येऊन निकम शाल मांडीवर घेऊन बसला होता. इतका गप्प मी त्याला त्याच्या आईच्या दहाव्यालाही बघितलं नव्हतं. शालीची घडी घालत म्हणाला, "मास्तर, त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तरी चाललं असतं रे. पाया पडला..." मी हसण्यावारी नेलं, पण त्याला ते लागलं होतं. आयुष्यभर एकच भाषा बोललेल्या माणसाला समोरचा प्रत्येक शब्दाला मान डोलावतोय आणि त्याला काहीच कळत नाहीये, असं झालं तर कसं वाटेल... तसं त्याला वाटत होतं.

नंतर त्याने पोरांना समजवायचा प्रयत्न केला. टपरीवर दोघातिघांना बसवून म्हणाला, वरून स्तुती आणि आतून निंदा, याला व्याजस्तुती म्हणतात, तुम्हाला शाळेत होतं. एक जण म्हणाला, "होतं काका. एका मार्काला यायचं, आम्ही ऑप्शनला टाकलेलं." दुसऱ्याने खरंच समजून घ्यायचं म्हणून विचारलं, "पण काका, राग आला तर सरळ शिवी द्यायची ना. एवढं फिरवून कशाला?" निकमपाशी उत्तर होतं, पण ते समजावून सांगण्यातलं नव्हतं. विनोद फोडून सांगितला की त्यात राहतंच काय.

ही पोरं काही दुर्मुखलेली होती असं नाही. मोबाइलवर आलेले मेसेज एकमेकांना वाचून दाखवून पोट धरून हसायची. टीव्हीवर कोणी कोणाची नक्कल केली की डोळ्यांतून पाणी काढायची. पण ते सगळं हसू दूरच्यावर. ज्याची उद्या सकाळी नळावर गाठ पडणार त्याच्यावर त्याच्यासमोर हसायचं आणि वर त्यालाही हसवायचं, हे त्यांना कोणी करून दाखवलंच नाही. त्यांच्याकडे दोनच गोष्टी, आरती नाहीतर मारामारी. मधली जागा होती ती आमच्याबरोबर म्हातारी झाली. हे लिहिताना माझा सूर मास्तरी होतोय हे मला कळतंय, पण मित्र गेल्यावर एवढी मुभा असावी.

त्यानंतर निकमने ओळी सांगणं हळूहळू बंद केलं. मी फळ्यावर अभीष्टचिंतन आणि पोलिओ डोसची तारीख लिहू लागलो. असा बराच काळ गेला. सोनूचं लासलगावला लग्न झालं, निकम निवृत्त झाला, आणि मग त्याच्या छातीचं दुखणं सुरू झालं.

दवाखान्यातल्या त्या शेवटच्या भेटीत तो उशाला टेकून बसला होता. नर्सने लावलेल्या नळ्यांवर, मोसंबीच्या ढिगावर, सगळ्यावर त्याचं बोलून झालं. मग एकदम म्हणाला, "मास्तर, सोनू हल्ली माझ्याशी बोलत नाही. मला बघितलं की रस्ता बदलतो." मी म्हणालो, असेल काही कामात. "काम आणि सोनू?" असं तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पूर्वीची ती चमक आली. जवळ सरकून हळूच, आईशी बोलायचा त्या बोलीत त्याने विचारलं, "त्याले समजनं व्हई का रे?" म्हणजे, त्याला त्या ओळीतलं कळलं असेल का रे... मला काय माहीत? मी म्हणालो, "कळलं असेल." त्याची समजूत घालायला म्हणालो आणि त्यालाही ते कळलं. पण हसला. वहिनी सांगतात, पुढचे दोन दिवस तो फार मजेत होता.

त्याला जाऊन महिना झाला असेल. गेल्या आठवड्यात संध्याकाळी सोनू माझ्या दारात उभा. मयताला आला नव्हता, नंतर वहिनींना भेटायलाही नाही. आत येऊन बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "सर, खरं सांगा. त्या फ्लेक्सवरची ओळ... निकमकाकांनी मला टोमणा मारला होता ना?"

मी हो म्हणालो. आता खोटं कोणासाठी बोलायचं?

मग त्याने सांगितलं. जुने फ्लेक्स तो सासरी पाठवून देतो, कांद्यावर झाकायला. यंदा उन्हाळ्यात लासलगावला गेला होता तेव्हा सासरे शेतातल्या कांद्याच्या ढिगावरून फ्लेक्स ओढून काढत होते. काढता काढता वाचायला लागले, आणि हसत हसत तिथे बांधावरच बसले. "म्हणले, जावईबापू, हे कोणी लिवलं हो? लय बेरकी माणूस हाय. एकदा घेऊन या त्याला." सोनू खाली बघत बोलत होता. "मला आधी कळेना. मग कळलं आणि अंगाची आग झाली, सर. वाटलं, इतकी वर्षं सगळी सिडको माझ्यावर हसतेय."

"कोणी हसलं नाही रे," मी म्हणालो. "कोणाला कळलंच नव्हतं. त्याचंच त्याला दुःख होतं."

"मी बोलणंच टाकलं त्यांच्याशी. दवाखान्यातपण गेलो नाही..." त्याने खिशातून रुमाल काढला. "काय वाटलं असेल त्यांना?"

तेव्हा मी त्याला दवाखान्यातली गोष्ट सांगितली. म्हटलं, "तू बोलत नव्हतास, त्यावरच तर तो खूश होता. विचारत होता, सोनूला कळलं असेल का."

सोनूने मान वर केली. मग स्वतःशीच पुटपुटला, "आम्ही वर्षभर शोधले..." पुढचं त्याला बोलता येईना. आधी खांदे हलले, मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता. "एकही सापडला नाही," म्हणाला, आणि तोंडावर रुमाल धरून पुन्हा हसायला लागला. "काय माणूस होता, सर... आणि मी पाया पडलो त्यांच्या!"

चहा टाकतो म्हणून मी आत गेलो. गॅससमोर उभा राहून थोडा रडलो. बाहेर तो अजून हसत होता.