नदीत सोडलेला मासा

प्रागमध्ये नाताळ जवळ आला की चौकाचौकांत टबांमधून जिवंत मासे विकायला येतात. लोक मासा घरी नेतात, न्हाणीघरातल्या टबात ठेवतात आणि सणाला तळतात. आज पुलाखाली एका चिमुरडीने रडून रडून बापाला असाच एक मासा नदीत सोडायला लावला.

"सुटला बिचारा," मी म्हणालो.

"कसला सुटतोय? तळ्यात पोसलेला तो, या गार पाण्यात जगायचा नाही," दत्तूकाका म्हणाले. ते आमच्या हॉटेलचे मुख्य आचारी.

आठवीत शाळा सुटलेल्या मला हॉटेलच्या मालकांनी, शेठनी इथवर आणलं, हाताला काम दिलं. त्यांचे उपकार विसरणार नाही. पण इथे राहायचा माझा परवाना त्यांच्याच हॉटेलपुरता आहे. माघात बहिणीचं लग्न आहे, आणि रजेचा शब्द तोंडातून निघत नाही. रागावून "जा कायमचा" म्हणाले तर?

मासा काठाशीच थांबला होता. पोरगी हात हलवून त्याला जा, जा म्हणत होती. तो हलेना.

"चल रे, कांदे चिरायचे पडलेत," काका म्हणाले. मी त्यांच्या मागून निघालो.