कोपरापर्यंतचं पाणी

माझं शिक्षण चौथीपर्यंत, म्हणून डोळ्यांनी पाहिलं तेच लिहितो. मिरचीच्या शेतीला कंटाळून एका साली मी आणि बायकोनं दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावतळ्यात मासे सोडले. हौस तिची. गाव हसलं. ती म्हणाली, "हासू द्या. खावाले येतीनच."

धुळ्याहून मत्स्यखात्याचे साहेब सूक्ष्मदर्शक दुर्बीण घेऊन आले. काचेवरच्या एका थेंबात अख्खा बाजार भरलेला! हिरवे ठिपके, त्यांना गिळणारे केसाळ किडे. "शेण टाकलं की हिरवं वाढतं, ते किडे खातात, किड्यांना मासे खातात," साहेब म्हणाले. बायको दुर्बिणीवरून डोळा काढीना. माझा नंबर लागला तो साहेब निघताना.

पुढं पाणी पिवळट दिसायला लागलं. मिरचीचं पान पिवळं पडलं की आम्ही युरिया देतो. "यालेबी द्या ना," म्हणत तिनंच दोन घमेली ओतली. पाणी असं हिरवंगार झालं की ती रोज काठावर बसून हसायची. मग ढगाळ दिवस आले, आणि एका पहाटे पाहतो तर सगळे मासे वर येऊन आ वासत होते.

"बठ्ठा मरी जातीन," ती खालीच बसली.

विहिरीचा पाट तळ्यात पडायचा, तिथं माशांची गर्दी जास्त होती. म्हणजे पडत्या पाण्यात काहीतरी होतं. मी पाणी उपसायचं इंजिन ओढत आणलं आणि तळ्याचंच पाणी उचलून उंचावरून तळ्यात सोडलं.

शेजारी आला. "भाऊ, येड लागनं का? आठलं पानी आठेच वती राह्यना?"

"मंग हास. आधी उतर, काठी मार पान्याले."

तो उतरला, मग आणखी चार जण. दिवस वर आला तसे मासे एकेक खाली गेले. काही मेले, पण बरेच तगले. ती इतकी भिजली होती की रडली का ते कळलं नाही.

साहेब नंतर म्हणाले, "हिरवं मेलं, कुजलं. माझ्या दुर्बिणीतही दिसणार नाहीत असे जंतू ते खायला वाढले, त्यांनीच पाण्यातली हवा संपवली." मग खूण शिकवली: हात कोपरापर्यंत बुडवायचा, तळहात दिसेनासा झाला तर खत बंद.

तेव्हापासून ती रोज बांगड्यांसकट हात बुडवायची आणि बांधावरूनच मला ओरडून सांगायची.

ती गेल्यापासून हात माझा. आज तळहात दिसला नाही. खत टाकलं नाही. ओरडून सांगायला कोणी नव्हतं, म्हणून लिहिलं.