बोंबलांच्या वासाआड

९ फेब्रुवारी, सोमवार. कामवाली यायच्या आत चादर धुऊन वाळत टाकायची आहे. झोपेत पुन्हा शी झाली. चादर भिजतेय तोवर हे लिहिते, गोराईत राहिलेल्या बहिणींसाठी आणि माझ्यासारख्या खाडी ओलांडून आलेल्यांसाठीही.

लग्न होऊन मी बोरिवलीला निघाले त्या दिवशी अख्खा कोळीवाडा जेट्टीवर आला. आई आली नाही. सुकत घातलेल्या बोंबलांपाशी उभी राहून तिने हात हलवला. "आईचं काळीज, बघवलं नसेल," सगळे म्हणाले. सव्वीस वर्षं मीही तेच मानलं. खरं तर आई बाजाराला, कुणाच्या हळदीला, कुठेच जायची नाही. तिचे परकर मात्र रोज पहाटे धुतलेले असायचे. एकदा विचारलं तर म्हणाली, "बाईच्या जातीला आसतंच. कोनाला बोलाचं नाय." बोंबलांच्या वासात आमच्या नाकांना दुसरं काही कळलंच नाही.

बोरिवलीच्या टॉवरमध्ये लपायला तसा वास नाही. गेल्या जूनमध्ये लिफ्टमध्ये शेजारीण नाक दाबून म्हणाली, "कुणाचा कुत्रा घाण करून गेला यार!" "वाट लागलीय ना बिल्डिंगची," मी म्हटलं आणि सहाव्याऐवजी तिसऱ्या मजल्यावरच उतरले. तेव्हापासून बाहेर जायचं असलं की आदल्या दिवसापासून जेवत नाही. बोटीत शौचालय नसतं, म्हणून माहेरीही गेले नाही.

परवा शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, "मुलगा चिमटा लावून झाला होता का?" हो. तेव्हा गुदद्वाराचा स्नायू फाटला असणार, त्यांनी समजावलं. तरुणपणी निभावलं, पाळी गेल्यावर पकड सुटली. मधुमेहाने नसा बधिर झाल्या, किंवा जुन्या बद्धकोष्ठात खड्यांच्या कडेने पातळ मल झिरपला, तरी असंच होतं. म्हणून तपासणी हवी. मग स्नायू आवळायचे व्यायाम, खाण्यात बदल, मल घट्ट करणारं औषध. नाहीच भागलं तर ऑपरेशन. "आणि जेवण सोडणं हा उपाय नाही," त्या दरडावून म्हणाल्या.

काल वहिनीचा फोन आला. "ताई, आई आता एकच वेळ जेवतात, तेही चार घास. हाडं वर आलीत. भूकच नाही म्हणतात."

ही न लागणारी भूक मला ओळखीची आहे. माहेराहून काय आणलंस, असं कुणी विचारलं तर आता खरं सांगेन: गप्प बसणं. आईच्या दाराशी ते माझ्या आधीपासून बसलेलं आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार. आज सकाळी पॅड लावलं, एक जोड कपडे पिशवीत टाकले आणि पहिली बोट धरली. आई बोंबील निवडत होती. मनगट माझ्या दोन बोटांत मावेल एवढं झालंय.

"आई, मलाही होतं. कपड्यातच."

तिने बोंबलांची टोपली तेवढी आमच्या दोघींच्या मध्ये ओढली. मी ती उचलून अंगणात ठेवली, दार लावलं आणि दोघींपुरता भात टाकला.