बलभीमचा शिवराज झाला

बालगृहात लेकरं बघायला जोडपी यायची, तेव्हा दीपमाला धाकट्या बलभीमचे केस पाण्यानं चापून बसवायची, त्याच्या शर्टाची बटणं लावायची आणि त्याचा हात घट्ट धरून उभी राहायची. न्यायचं तर दोघांना न्या, हे तोंडानं बोलायची वेळ येऊ नये म्हणून. ती अकरा वर्षांची होती, बलभीम चार. वडील येरमाळ्याच्या घाटात टेम्पो उलटून गेले होते, आणि वर्ष भरायच्या आत आई काविळीनं गेली. चुलत्यानं आईचं तेरावं उरकलं आणि दोघांना जिल्ह्याच्या गावी आणून सोडलं. तेव्हा धाराशिवला उस्मानाबादच म्हणायचे.

एका उन्हाळ्यात भूमकडच्या गावातून बब्रुवान आणि गजराबाई आले. घरची थोडी शेती, दोन म्हशी आणि खव्याची भट्टी. लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, पण मूल नव्हतं. दत्तकाचं पुढं बघू, आधी लेकरू सांभाळायला नेऊ, असं त्यांच्या मनात होतं. गजराबाईनं आल्या आल्या बलभीमला उचलून कडेवर घेतलं. बालकल्याण समितीच्या मॅडम म्हणाल्या, "सख्खी भावंडं आहेत. नेणार असाल तर दोघांना न्यावं लागेल."

गजराबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "दोन तर दोन. घर भरल्यासारखं वाटंल."

बालगृहात स्वयंपाक करणारी दगडाबाई फाटकापर्यंत आली. तिनं दीपमालाच्या कानात एवढंच सांगितलं, "अंगचोरपणा करू नको गं बाई. आन कुणाला उलटून बोलू नको."

दीपमालानं दोन्ही पाळलं. सकाळी म्हशींखालचं शेण काढायची, मग शाळा, शाळेतून आली की भट्टीजवळ बसून कढईतलं दूध ढवळायची. कुणी सांगायच्या आत काम करून ठेवायची. पण कामापेक्षा मोठी एक गोष्ट तिनं पहिल्याच आठवड्यात मनावर घेतली होती. बलभीम गजराबाईला 'मावशी' म्हणायचा. दीपमालानं त्याला गोठ्यामागं नेऊन सांगितलं, "मावशी म्हणायचं न्हाय. आई म्हणायचं."

"आपली आई तर मेली."

"मेली म्हणूनच म्हणायचं. न्हायतर परत नेऊन सोडतेल."

तो रडला. तिनं रडू दिलं आणि पुन्हा पढवलं. दुसऱ्या दिवशी ताक मागताना त्यानं दीपमालाकडं बघत बघत "आई" म्हटलं, आणि गजराबाईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिनं पदर तोंडाला लावला. दीपमालाला वाटलं, आता आपण इथले झालो.

आणि तसं दिसतही होतं. गजराबाई वाईट बाई नव्हती. दीपमालाच्या डोक्याला तेल लावून ती दोन वेण्या घालायची, आठवडी बाजारातून बांगड्या आणायची. दीपमालाला पहिल्यांदा पाळी आली, तेव्हा ती घाबरून गोठ्यात लपली होती. गजराबाईनं तिला शोधून काढलं, जवळ घेतलं, सगळं समजावून सांगितलं आणि तूप घालून शिरा केला. त्या दिवसापासून दीपमालाही तिला 'आई' म्हणू लागली. पढवल्यासारखं नव्हे, आपोआप.

फक्त एक गोष्ट गजराबाईच्या हातात नव्हती. बलभीम पडला, खरचटलं, ताप आला, की तो 'ताई' म्हणून हाक मारायचा. गजराबाई घेऊन बसली तरी तिच्या खांद्यावरून दीपमालाकडं हात पसरायचा. एकदा त्याला हिवताप झाला. गजराबाई डोक्यावर पट्ट्या ठेवत होती आणि पोरगा सारखा "ताई, ताई" करत होता. दीपमाला भांडी टाकून धावत आली. गजराबाई उठली, बाजूला झाली, आणि त्या दिवशी तिच्याशी बोलली नाही. दीपमालाला कारण कळलं नाही. तिनं दुसऱ्या दिवशी जास्तीचं काम केलं.

दीपमाला आठवी पास झाली त्या सुट्टीत गजराबाई तिला म्हणाली, "तू हुशार हायस. हितल्या शाळंत काय ठेवलंय? तिकडं बालगृहात परत राहिलीस तर शाळा चांगली मिळंल, शिवणकाम बी शिकवत्यात. सुट्टी लागली की हितंच यायचं. हे घर काय कुठं पळून चाललंय का?"

"आन बल्या?"

"त्यो लहान हाय. त्याला काय करायचं तिकडं?" मग गजराबाईनं तिची वेणी सोडली आणि पुन्हा घालता घालता सांगितलं, "समितीपुढं इच्यारतेल तुला. तू म्हण, मला शिकायचंय, मला माझ्या मर्जीनं तिकडं राहायचंय. आमी पाठवलं असं म्हणलीस तर त्यांना वाटंल आमी तुला हाकलतोय. मग बल्याला बी काढून घेतेल."

ते शेवटचं वाक्य पुरेसं होतं. समितीच्या मॅडमनी तिला एकटीला बसवून दोनदा विचारलं. "तुझ्यावर कुणाचा दबाव आहे का? भावाला सोडून राहशील?" दीपमालानं मान वर करून स्पष्ट सांगितलं, "मला माझ्या मर्जीनं इकडं राहायचंय." तिनं ते इतकं चांगलं म्हटलं, की मॅडमनी पुन्हा विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीला बालगृहात निरोप आला, बलभीमला कांजिण्या आल्यात, येऊ नका. उन्हाळ्यात कळलं, घरची सगळी देवाला गेलीत. त्यानंतर निरोप येणंही थांबलं. मग एक दिवस तिला ऑफिसात बोलावून गोड शब्दांत सांगितलं, की तुझ्या भावाचं दत्तक झालं, चांगलं झालं, त्याला आता कायमचं घर मिळालं. "तूच तिकडं राहायचं नाही म्हणालीस ना बाळा, म्हणून त्याचं एकट्याचं केलं."

दीपमाला ऑफिसातून बाहेर आली आणि स्वयंपाकघरात दगडाबाईजवळ जाऊन बसली. तिच्यापुढं शेंगांचा ढीग होता. ती शेंगा फोडत बसली. टरफलं एकीकडं, दाणे एकीकडं. दगडाबाईनं विचारलं तेव्हाच तोंड उघडलं, "माझ्याच तोंडून वदवून घेतलं गं मावशी."

ती सोळा वर्षांची झाल्यावर दगडाबाई रजा टाकून, रीतसर विचारून, तिला एसटीनं त्या गावाला घेऊन गेली. गजराबाई अंगणातच भेटली. बाज टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. दीपमालानं "आई" म्हटलं, तर तिनं ऐकू न आल्यासारखं केलं.

"बल्या कुठंय?"

"बार्शीला गेलाय, आत्याकडं." गजराबाई पदराशी खेळत म्हणाली. "आता त्याला शिवराज म्हणत्यात. आन तुला खरं सांगू का, तुझं नाव काढलं की तो चिडतो. नगं म्हणतो. लहान लेकरू हाय, त्याला कशाला आठवण करून द्यायची?"

उंबऱ्याशी लहान मुलाच्या निळ्या चपला होत्या. दीपमालानं आणि दगडाबाईनं, दोघींनीही पाहिल्या. रस्त्याला लागल्यावर दगडाबाई म्हणाली, "पोरगं घरात हाय दीपे. माघारी फिर, हाका मार."

दीपमाला फिरली नाही. गजराबाई खोटं बोलते हे तिला समजलं होतं. पण पोरगा घरात होता, आपला आवाज त्याला आत ऐकू गेला असणार, आणि तरी तो बाहेर आला नाही, हे तिच्या काळजात रुतलं. गजराबाईचं काय, ती परकी बाई. पण बल्यानंही तेच करावं?

पुढं दीपमाला अठरा वर्षांची होऊन बालगृहातून बाहेर पडली. दगडाबाईचीही नोकरी संपली होती. ती तिला कळंबला आपल्या घरी घेऊन गेली. बाजारापलीकडं दोन खोल्या, पुढच्या खोलीत शिलाई मशीन. दीपमाला ब्लाऊज शिवायची, शाळेचे गणवेश शिवायची. तिच्या हातचं माप चांगलं बसायचं, गिऱ्हाईक टिकलं. भावाबद्दल कुणी विचारलं तर ती म्हणायची, "मला कुणी न्हाय." दगडाबाईला ते आवडायचं नाही.

असंच एका दुपारी काज-बटण करता करता दीपमाला मोबाईलवर रील बघत होती. भूमच्या खव्याची एक रील पुढं आली. कढईत दूध आटतंय, मोठा पोरगा ढवळतोय, मागं गोठा. गोठा तिनं आधी ओळखला. मग पोरगा ढवळता ढवळता खालचा ओठ दातांत धरून थांबला, आणि तिची सुई बोटात घुसली. वडील टेम्पोचं चाक बदलताना अगदी तसाच ओठ धरायचे.

तिनं मेसेज केला, "बल्या, मी ताई."

बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. "आता कशाला?"

भूमच्या बसस्टँडसमोर चहाच्या हॉटेलात ती दोघं भेटली. तो पंधरा-सोळा वर्षांचा झाला होता, उंच, मिसरूड फुटलेली. समोर बसला पण नजर रस्त्याकडं. चहा आला तसा म्हणाला, "तूच न्हाय म्हणालीस ना. समितीपुढं. मला न्हाय राहायचं म्हणून."

"व्हय. म्हणाले."

"मग?"

दीपमालानं सगळं सांगितलं. वेणी घालताना काय सांगितलं, कसं पढवलं, कांजिण्यांचा निरोप.

"मला कांजिण्या कधी आल्याच न्हाईत," तो म्हणाला.

मग तिनं ती गोष्ट विचारली जी ती इतकी वर्षं कुणाला विचारू शकली नव्हती. "म्या दगडामावशीला घेऊन आले व्हते, तवा तू घरात व्हतास. भायेर का आला न्हाईस?"

पोरगा एकदम तिच्याकडं वळला. "तू व्हतीस ती?" तो म्हणाला. "आई म्हणली, आश्रमातल्या बाया आल्यात, तुला न्यायला. आवाज करू नको. म्या कणगीमागं बसलो व्हतो. फटीतून दोन बाया दिसल्या. तुला ओळखलं न्हाय गं. म्या तर देवाला म्हणत व्हतो, ह्या बाया लवकर जाऊ देत."

दीपमालाला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं आपण जिच्यावर रागावून जगलो ती गोष्ट घडलीच नव्हती. पण जे घडलं होतं ते त्याहून वाईट होतं. सख्ख्या भावाला तिचीच भीती घातली होती.

तो तिला मोटारसायकलवर बसवून घरी घेऊन गेला. बब्रुवाननं तिला पाहिलं आणि डोक्यावर टॉवेल टाकून म्हशींकडं निघून गेला. गजराबाई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"काकू," दीपमाला म्हणाली. आई हा शब्द तिला आता उच्चारवत नव्हता. "बसायला न्हाय आले. एवढंच इच्यारायचंय. म्या तुमचं काय वाईट केलं व्हतं?"

गजराबाईनं हात परातीत पुसले. खोटं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. पोरगा दारात उभा होता.

"तू काय बी वाईट केलं न्हाईस," ती म्हणाली. "तूच त्याची आई व्हतीस. तापात बी तुलाच हाक मारायचा. तू घरात असंपतूर म्या कवा आई व्हनार व्हते? सांग की."

"तुमाला आई म्हणायला त्याला म्याच शिकवलं व्हतं."

"ठाव हाय मला," गजराबाई म्हणाली. "गोठ्यामागून ऐकलं व्हतं म्या. तवापासून आत सलत व्हतं. तू म्हण म्हणलीस म्हणून त्यो मला आई म्हणतोय, असं वाटायचं."

दीपमाला तिथून निघाली. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास अंगणापर्यंत आला. पोरगा तिला स्टँडवर सोडायला आला. वाटेत तो एकच वाक्य बोलला, "आई चुकली ताई. लई चुकली. पर आई हाय ना माझी." दीपमालानं मागं बसून मान हलवली. ती त्याला दिसणार नव्हती.

दगडाबाईनं रात्रीच्या जेवणाला सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ तर मिळाला." मिळाला तो शिवराज होता. त्याला दहावीचं टेन्शन होतं, नव्या मोबाईलचं वेड होतं, आईच्या हातचा खवा आवडायचा. आपल्या खऱ्या आईचा चेहराही त्याला आठवत नव्हता. दीपमालानं विचारून पाहिलं होतं.

भाऊबीजेला तो कळंबला आला. येईल असं तिला वाटलं नव्हतं. तरी तिनं सकाळीच पुरण शिजवून ठेवलं होतं आणि त्याच्या मापाचा अंदाज घेऊन शर्ट शिवला होता. शर्ट खांद्यात जरा घट्ट झाला. तो म्हणाला, चालतंय. दगडाबाईनं पाट मांडला, दीपमालानं ओवाळलं. तो जेवायला बसला तेवढ्यात फोन वाजला. त्यानं स्क्रीनवर पाहिलं, तोंडातला घास गिळला आणि फोन कानाला लावला.

"व्हय आई. न्हाय, मित्राकडं हाय, हितं जवळच, वाशीला," तो म्हणाला. "येतो की तासाभरात."

फोन ठेवून त्यानं वर पाहिलं. दीपमाला तव्यावरची पोळी उलटत होती. "ताई, तिला वाईट वाटंल म्हणून..." तो बोलू लागला.

"जेव," ती म्हणाली, आणि तुपाची वाटी त्याच्याकडं सरकवली.