मापाबरहुकूम सायकल

बाळ्या,

पन्नाशी उलटली तरी मी तुला बाळ्याच म्हणणार, त्याला इलाज नाही. तुझ्याबद्दल लिहायला बसले आहे. तोंडावरच सांगितलं असतं, पण तुला काही सांगायला गेलं की तू "बघू" म्हणतोस आणि खिशातली टेप काढून बोटाला गुंडाळत बसतोस. म्हणून तिऱ्हाइताबद्दल सांगावं तसं सांगते. तू वाच. आणि मध्येमध्ये "असं नव्हतं ताई" म्हणू नकोस. असंच होतं.

तर हा माणूस गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर. दवाखान्यातल्या नर्सा, हॉटेलातले वाढपी, बँकेच्या दाराशी ताटकळणारे पहारेकरी, या सगळ्यांच्या अंगावर जे चढतं ते आधी मास्तरच्या टेबलावर आडवं झालेलं असतं. लांबलचक टेबल, त्यावर कापडाचे थर, थरांवर तपकिरी कागदाचा नमुना आणि त्याच्या कडेने पळणारा मास्तरचा खडू. खडू हातात असला की हा कुणाच्या बापाला विचारत नाही. कात्री घातली की घातली. पण हाच ठाम माणूस कारखान्याच्या पायऱ्या उतरला की त्याचं पाणी होतं. केस कापायला कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जावं की पलीकडच्या, यात त्याची सुट्टी जाते. लग्नाला होकारसुद्धा आईनेच परस्पर देऊन टाकला, म्हणून झालं. नाहीतर ती मुलगी अजून उत्तराची वाट बघत बसली असती.

अशा माणसाला सायकलीचं वेड लागावं! दूध आणायच्या सायकलीचं नव्हे. खाली वळलेल्या हँडलची, बोटाएवढ्या टायरची, लांबच्या रस्त्यावर पळवायची रेसर. तीही तयार नको. तयार म्हणजे रेडिमेड, आणि रेडिमेड हा शब्द मास्तरच्या तोंडी शिवीसारखा येतो. फ्रेम आपल्या मापाने करून घ्यायची, एकेक भाग पारखून निवडायचा आणि सगळी सायकल स्वतःच्या हाताने जोडायची.

हसू येतं, पण एक गोष्ट खरी. हा माणूस जन्मभर दुसऱ्यांची मापं बेतत आला आणि स्वतःच्या अंगावर कायम कुणाचा तरी चुकलेला शर्ट. वाढप्यांच्या मालातला बाही लांब झालेला, पहारेकऱ्यांच्या मालातला गळा तिरका गेलेला. गिऱ्हाइकाने परत केलं की ते मास्तरच्या खुंटीवर. त्याच्या मापाची म्हणून एकही वस्तू घरात नव्हती. ती एक असावी, एवढंच त्याला हवं होतं. मग मागून घ्यायची ना! कुणी हात धरला होता?

भाग मात्र जमत गेले. बायकोच्या कपाटातला एक खण ब्रेक आणि गिअर यांनी बळकावला, चाकं पलंगाखाली गेली, सीट देवळातल्या मूर्तीसारखी फडताळात जाऊन बसली. प्रत्येकाला उरल्यासुरल्या कापडाची पिशवी; ब्रेकला नर्सांचं पांढरं, पेडलला पहारेकऱ्यांची खाकी. काही म्हणजे काही उणं नव्हतं, फक्त फ्रेम नव्हती. आणि फ्रेमचं तळ्यात मळ्यात संपत नव्हतं. स्टील जड, पण टिकाऊ. कार्बन हलकं, पण तडकलं तर?

"तडकायला आधी चालवावी लागते," बायको म्हणायची. ती डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स. दिवसभर लोकांना "वर बघा, खाली बघा" सांगून घरी येणारी बाई; तिच्याजवळ फार शब्द उरत नसत.

कारखान्यातही गंमत चालायची. "मास्तर, सायकल शिवायला कधी घेताय?" इस्त्रीवाला विचारायचा.

"आधी काजं किती ते तरी ठरू दे," काजबटणवाली दातांनी दोरा तोडत म्हणायची. "उगाच माझी बटणं वाया जायची."

मास्तर कसनुसं हसायचा. टोमणा कळत नव्हता असं नाही, पण त्यालाही उत्तर निवडावं लागतं, आणि तिथेच तर याचं घोडं अडतं.

मग एके दिवशी फ्रेमवाल्याचा फोन आला. हा म्हातारा दुसऱ्या गावात राहायचा, एकेक फ्रेम माणसाच्या मापाने हाताने जोडायचा. मास्तरने त्याला इतक्या वेळा इतकं विचारलं होतं की बिचारा आवाजावरून ओळखायचा.

"माझे डोळे चाललेत," म्हातारा म्हणाला. "आणखी एक फ्रेम करीन आणि दुकान बंद करीन. ती तुमची करायची तर आज सांगा. संध्याकाळी दुसरा माणूस यायचाय."

फोन ठेवून मास्तर पाणी प्यायला. बसला. उठला. खिडकी उघडली, लावली. आता नाही तर कधीच नाही, हे त्या शहाण्याला कळत होतं. कळूनही हात फोनकडे जाईना.

"अहो, हो म्हणा," बायको म्हणाली.

"पण स्टीलची—"

"तो स्टीलचीच करतो ना?"

"रंग कुठला—"

"आधी हो म्हणा!" असं म्हणून तिनेच नंबर लावला आणि फोन त्याच्या कानाला दाबला. तेव्हा कुठे "हो" बाहेर पडलं. तेही इतकं बारीक, की म्हाताऱ्याने दोनदा "काय?" केलं.

"मापाला या मग," म्हातारा म्हणाला. "मी स्वतः घेतो. इथे मापाचा सांगाडा आहे, त्यावर बसवून बघतो."

झालं! इथे मास्तरच्या नाकाला मिरची झोंबली. कटिंग मास्तरचं माप दुसऱ्याने घ्यायचं? "माप मी देतो," तो ताठ आवाजात म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा कारखान्याबाहेर याला काहीतरी चटकन ठरवता आलं, आणि ते नेमकं हे. भिंतीला पाठ लावून, टेप दातात धरून त्याने आपलं आपण माप घेतलं. पायाची आतली लांबी, धड, हात, खांदे. आणि घडाघडा फोनवर सांगून टाकलं. म्हातारा म्हणालाही, "एकदा येऊन बसून बघा हो." हा कसला जातोय!

फ्रेम आली. गडद निळी, सांधा कुठे आहे ते शोधावं लागेल अशी. रविवारी बाहेरच्या खोलीत चादर अंथरून मास्तरने सगळ्या पिशव्या सोडल्या. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी तो बघण्यासारखा होता. एकदाही "बघू" म्हणाला नाही. केबल ओवली ती सुईत दोरा ओवावा तशी, आणि हँडलला पट्टी गुंडाळली ती एकाही चुणीशिवाय. दुपारी सायकल उभी राहिली तेव्हा बायको भाजी चिरायची सोडून दारात येऊन उभी राहिली.

मग स्वारी गल्लीत उतरली आणि सायकलीवर चढली. चढली म्हणजे लोंबकळली. सीट जाईल तेवढी खाली केली तरी पेडलला टाचा टेकेनात. हँडल धरायला हात पुढे ताणले तर खांदे कानांशी आले.

"काय मास्तर, दोरीवरचे कपडे काढताय का?" समोरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं.

नाचता येईना, अंगण वाकडं. मास्तर वर आला तो थेट फोनकडे. म्हाताऱ्याच्या डोळ्यांवरून नको ते बोलला. म्हाताऱ्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही सांगितलं त्यात एक सूत इकडचं तिकडे नाही. लिहून ठेवलेलं लेकाकडून वाचून घेऊन मग जोडलंय."

बायकोने नवऱ्याच्या खिशातून टेप ओढली, त्याला दाराच्या चौकटीशी उभा केला आणि माप घेतलं. "हात किती सांगितला होतात?"

त्याने सांगितला.

"हा तर त्याहून कमी भरतोय. आणि पाय?" तिने पायही मोजला. तोही कमी. ती खाली बसली होती तिथूनच वर बघत म्हणाली, "अहो, तुम्ही माया धरून सांगितलंत."

माया म्हणजे शिवणीच्या आत ठेवतात ते जादा कापड. कारखान्याची रीत अशी, की माप घेणारा अंगाचा आकडा ओरडतो आणि मास्तर त्यात माया आणि हालचालीपुरता सैलपणा मिळवून कापडाचा आकडा बोलतो. वर्षानुवर्षं हेच. अंगाचा नुसता आकडा त्याच्या जिभेवर येतच नाही. मिळवतोय हे त्याचं त्यालाही कळत नाही. म्हणजे या महाभागाने स्वतःच्या हाडांना शिलाईची माया सोडली! कापड असतं तर उसवून आत घेतलं असतं. लोखंड कुठून उसवणार? याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

सायकल भिंतीला लागली. तिच्यावर चादर पडली. मास्तर तिच्या बाजूला न बघता जेवायचा.

पुढे एका सकाळी बस आलीच नाही. बायकोची ड्यूटी चुकत होती. ही बाई नवऱ्यापेक्षा चांगली उंच, लग्नाच्या फोटोत तिला एक पायरी खाली उभी केली होती. तिने पँटचे पाय मोज्यांत खोचले, डबा पाठीच्या पिशवीत टाकला, चादर ओढून काढली आणि सायकल जिन्यावरून खाली नेली. शाळेत असताना चालवायची, त्यानंतर थेट आत्ताच. मास्तर खिडकीत धावला. ती कोपऱ्यापर्यंत जराशी डगमगली, मग सरळ झाली. हात सैल, पाठ तिरकी, पाय पुरता लांब होऊन परत वर. कुणाच्याही डोळ्यांना दिसावं इतकं ते माप तिचं होतं. आणि हा मापातला माणूस; याला तर सगळ्यांच्या आधी दिसलं असणार.

दुसऱ्या दिवशी बस आली. ती बसने गेली नाही.

"अगं, गिअर टाकताना पायावर जोर देऊ नकोस."

"बरं."

"आणि खड्ड्यात पुढचं चाक—"

"अहो, उशीर होतोय."

घोडा याचा, स्वारी तिची आणि खरारा करायला हा! रोज संध्याकाळी खाली बसून चेन पुसतो, टायरमधले खडे काढतो. कारखान्यात काजबटणवालीने विचारलं, "मास्तर, वहिनींना बसली म्हणे सायकल?" तर म्हणतो कसा, "फिटिंग उत्तम आहे."

बाळ्या, आता परत तुझ्याशीच बोलते. त्या म्हाताऱ्याने तुझं सगळं ऐकून घेऊनही राग धरला नाही. हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा आखूड घातला आणि सीटची दांडी बदलली तर तुम्हाला चालवता येईल, असं त्याने आपण होऊन कळवलं. मी लेकीकडे त्याच गावाला निघाले होते, तर तू म्हणालास, "ताई, येताना तेवढा तुकडा आण. लांबी मी फोनवर सांगतो." मी गेले. म्हाताऱ्याने उरलेसुरले तुकडे वर्तमानपत्रावर मांडले, आखूड, त्याहून आखूड, हाताने चाचपून. मी तुला तिथूनच फोन लावला. "कुठला घेऊ?"

"थांब ताई, जरा बघतो," तू म्हणालास. मागे दार वाजलं. तुझी बायको ड्यूटीवरून आली होती. "आलीस? आज वारा होता का गं? ब्रेक नीट लागतोय ना?" हे सगळं मला ऐकू आलं. मग तू फोनवर परत आलास आणि म्हणालास, "उद्या सांगतो."

उद्या म्हाताऱ्याचं दुकान रिकामं करायला भंगारवाला यायचा होता, हे मी तुला सांगितलं होतं. तो आला, वर्तमानपत्रासकट सगळं उचलून घेऊन गेला. मी मोकळ्या हाताने परत आले. लांबी तू अजून सांगितलेली नाहीस.